धाकट्या डेंगचा आवाज

१९८०च्या आसपास चीनमध्ये लोक दबक्या आवाजात एक गंमत सांगायचे : दिवसा थोरल्या डेंगचं ऐकायचं, रात्री धाकट्या डेंगचं. थोरले डेंग म्हणजे देशाची सूत्रं हातात असलेले डेंग शियाओपिंग. धाकटी म्हणजे तैवानची गायिका डेंग लिजुन, जिला जग तेरेसा तेंग म्हणून ओळखतं. आडनाव दोघांचं एकच. फरक एवढाच, की थोरल्यांचं म्हणणं सरकारी भोंग्यांवरून कानावर यायचं आणि धाकटीची गाणी दार लावून, आवाज बारीक करून ऐकावी लागायची.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुठली गोष्ट कोणत्या वाटेने कुठे पोचते आणि कुठे अडते, हे शोधण्यात माझा दिवस जातो. कदाचित त्यामुळेच तेरेसाच्या आयुष्यात मला तिच्या गाण्यांइतकंच त्यांच्या प्रवासाचं कुतूहल वाटतं. तिचा आवाज चीनमध्ये दोन वाटांनी पोचला. एक वाट सरकारने बांधली होती, दुसरी लोकांनी.

आधी थोडं तिच्याबद्दल. जन्म २९ जानेवारी १९५३चा, तैवानच्या युनलिन जिल्ह्यातला. आईवडील मात्र मूळचे तिथले नव्हते. वडील हेबेई प्रांतातले, आई शांडोंगची. वडील चिआंग काई-शेक यांच्या सैन्यात होते. १९४९ मध्ये कम्युनिस्टांकडून हरलेलं ते सैन्य समुद्र ओलांडून तैवानला आलं आणि तिथेच राहिलं. चार भावांमधली ही एकटी मुलगी. शाळकरी वयातच तिने गाण्याच्या स्पर्धा जिंकल्या, चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि १९६७ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली. १९६९ आणि १९७१ मध्ये सिनेमातही झळकली, पण तिचं खरं घर गाणंच. १९७४ मध्ये ती जपानला गेली आणि त्याच वर्षी तिथला नवोदित गायकांसाठीचा मोठा पुरस्कार तिला मिळाला. मँडरिन, तैवानी, कँटोनीज, जपानी, इंग्रजी, इंडोनेशियन इतक्या भाषांत ती गायली.

आता त्या वाटा. तैवानच्या ताब्यातलं किनमेन बेट चीनच्या शियामेन शहरापासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे बेईशान नावाच्या जागी १९६७ मध्ये लष्कराने काँक्रीटची एक भिंत उभारली आणि तिच्यात ४८ भोंगे बसवले. तोंड थेट चीनकडे. त्या भिंतीवरून प्रचाराची भाषणं व्हायची आणि तेरेसाची गाणी लागायची. सैनिकांसाठी ती इतके कार्यक्रम करायची, की तिला ‘सैनिकांची प्रेयसी’ म्हणू लागले. म्हणजे हा आवाज सरकारी शस्त्र होता, यात शंका नाही.

पण भोंग्याचा आवाज किनाऱ्यापुरताच. बीजिंगपर्यंत तो कसा पोचणार? तिथे कॅसेट पोचली. १९७८ नंतर चीनची दारं किलकिली झाली. हाँगकाँगचे नातेवाईक येताना टेपरेकॉर्डर आणू लागले, किनारपट्टीवरून चोरटा माल येऊ लागला. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. ज्यांनी टेप वापरली आहे त्यांना माहीत असेल, प्रत्येक कॉपीत खरखर वाढते आणि आवाजाची धार बोथट होते. डिजिटल फाइलसारखं तिथे होत नाही. चौथ्या-पाचव्या कॉपीत अर्धं गाणं खरखरीतच जायचं. तरी लोक ऐकायचे.

का? सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत लोकांनी ऐकली होती ती समूहाची गाणी. उंच पट्टी, कणखर आवाज, शब्दांत ‘आम्ही’. तेरेसा मायक्रोफोनच्या जवळ तोंड नेऊन, श्वास ऐकू येईल असं हळू गायची. शब्दांत ‘मी’ आणि ‘तू’. चंद्र, आठवण, वाट पाहणं. त्यात राजकारण औषधालाही नव्हतं, आणि सरकारला नेमकं तेच खटकलं. या गाण्यांना ‘पिवळी’, म्हणजे अश्लील, ठरवलं गेलं. १९८२ मध्ये ‘पिवळी गाणी कशी ओळखावीत’ हे सांगणारं पुस्तकच निघालं. ली गुयी या चीनच्याच गायिकेने श्वासाचा असा वापर केला, तेव्हा तिच्यावरही टीकेची झोड उठली. १९८३च्या हिवाळ्यात ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्ध मोहीम निघाली, काही महिन्यांत थंडावली. कॅसेटी चालूच राहिल्या.

आवाज असा सगळीकडे पोचत होता, पण गाणारी बाई मात्र अडकत होती. १९७२ मध्ये जपानने तैवानशी राजनैतिक संबंध तोडले आणि तैवानी पासपोर्टवर फिरणं कटकटीचं झालं. फेब्रुवारी १९७९ मध्ये ती इंडोनेशियाच्या पासपोर्टवर टोकियोला उतरली. तो खोटा निघाला. तिला आधी ताब्यात घेतलं, मग देशाबाहेर काढलं आणि वर्षभर प्रवेशबंदी केली. पुढे ती जपानला परतली आणि १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षं तिथला केबल रेडिओचा सर्वोच्च पुरस्कार तिने घेतला.

चीनमध्ये जाऊन गाण्याची शक्यता हळूहळू दिसू लागली होती. मग आलं १९८९. तिएनानमेन चौकात विद्यार्थी बसले होते. २७ मे रोजी हाँगकाँगच्या हॅपी व्हॅली रेसकोर्सवर त्यांच्यासाठी मोठी मैफल झाली, आणि तेरेसा लष्करी राजवटीविरुद्धचा फलक गळ्यात अडकवून मंचावर आली. तिने गायलं ते डोंगरापलीकडच्या घराचं गाणं. आईवडिलांचं गाव खरोखरच पलीकडे होतं. आठ दिवसांनी, ४ जूनला, चौकाच्या वाटेवर रणगाडे चालून आले. त्यानंतर ती पॅरिसमध्ये राहू लागली. चीनमध्ये तिने कधीच पाऊल ठेवलं नाही. ८ मे १९९५ रोजी थायलंडच्या चियांग माई इथे दम्याच्या झटक्याने ती गेली. वय ४२. तैवानने शवपेटीवर राष्ट्रध्वज घातला.

पुढच्याच वर्षी पीटर चॅनचा ‘कॉम्रेड्स : ऑलमोस्ट अ लव्ह स्टोरी’ आला. तुम्ही एकच काही पाहणार असाल तर हा सिनेमा पाहा. चीनमधून हाँगकाँगला आलेले दोघं तरुण नववर्षाच्या बाजारात तेरेसाच्या कॅसेटींचा ठेला लावतात. कोणी फिरकत नाही. का, तर कॅसेट विकत घेतली की आपण ‘तिकडून’ आलो हे कळेल, अशी भीती. चीनमध्ये जी गाणी लपून ऐकावी लागली, ती आवडतात हे हाँगकाँगमध्येही लपवायचं! ४८ भोंग्यांची भिंत बांधणाऱ्या कोणाच्या हिशेबात हे आलं नसेल.

ती भिंत आजही उभी आहे. २००१ मध्ये शियामेन-किनमेन बोट सुरू झाली, आणि भोंग्यांचं तोंड ज्यांच्याकडे होतं त्या किनाऱ्यावरचे लोक तिकीट काढून भिंत बघायला येऊ लागले. पर्यटकांसाठी तिथे आता तेरेसाचा आवाज लागतो.