शिवरामपल्ली ते पोचमपल्ली

पेण म्हटले की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. त्याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्माला आले. पण ज्या कामामुळे त्यांचे नाव खेडोपाडी पोहोचले, ते भूदान सुरू झाले आपल्या हैदराबादच्या वेशीबाहेर. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आपल्या घरांतूनही याची आठवण फारशी निघत नाही.

एप्रिल १९५१ मध्ये शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरले. आज राष्ट्रीय पोलीस अकादमी आहे, तोच हा भाग. विनोबांचा यायचा विचार नव्हता. शंकरराव देवांनी आग्रह धरला तेव्हा ते कबूल झाले, पण म्हणाले, येईन तर पायी. ८ मार्चला ते निघाले आणि सुमारे ३०० मैल चालून महिन्याभरात पोहोचले. पहाटे अंधारातच कंदील घेऊन चालायला लागायचे, ऊन चढायच्या आत पुढचे गाव गाठायचे, असा त्यांचा क्रम असे.

त्या वेळचे तेलंगण आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पोलीस कारवाईला तीन वर्षेही झाली नव्हती. जमीन देशमुख-जमीनदारांकडे, कसणारे उपाशी. कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. नळगोंड्याच्या गावकऱ्यांना दिवसा पोलिसांची भीती, रात्री दुसऱ्यांची. संमेलन संपल्यावर विनोबांनी त्याच बाजूला पायी जायचे ठरवले. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, ते हैदराबादच्या तुरुंगात कम्युनिस्ट कैद्यांना भेटले आणि मग वाटेला लागले. दोन्ही बाजूंचे ऐकायचे, हे त्यांनी आधीच ठरवले असावे असे मला वाटते.

१८ एप्रिलला पोचमपल्ली आली. तिथल्या हरिजन वस्तीतल्या ४० कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली: ४० एकर तरी आणि ४० एकर खुश्की. (निजामी दप्तरातले हे शब्द, तरी म्हणजे ओलिताची आणि खुश्की म्हणजे कोरडवाहू, आमच्या कचेरीत जुन्या कागदांवर अजून भेटतात.) विनोबा म्हणाले, सरकारला कळवतो. मग जमलेल्या गावकऱ्यांनाच त्यांनी विचारले, तुमच्यापैकी कोणी काही देऊ शकेल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देतो म्हणाले. थोडी जमीन गरजूंना द्यावी अशी त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा होती, आणि ती ते आपल्या भावांच्या वतीनेही देत होते. गावच्या जमिनीचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातले अवघडपण कळेल. आपल्याकडे बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. इथे वडिलांच्या नावाने भावांचा वाटा परक्यांना मिळाला.

काही वर्षांपूर्वी गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी काही मंडळींनी रात्रभर चालायचा उपक्रम ठेवला होता. चालणाऱ्याने नातेवाइकांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे. मी आणि माझा पुतण्या हयातनगरहून पोचमपल्लीच्या दिशेने निघालो. पहिले दोन तास गप्पा, नंतर फक्त ट्रकचे दिवे आणि पायांचे फोड. मध्येच त्याने विचारले, "काका, विनोबांना किलोमीटरमागे किती मिळत होते?" मला हसू आले, पण प्रश्न चांगला होता.

विनोबांकडे असा ठराव नव्हता. ते जमीनवाल्याला सांगत: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. भिक्षा मागणाऱ्याला नाही म्हणता येते, वाटा मागणाऱ्या मुलाला नाही म्हणणे जड जाते. घरचा माणूस म्हणून मागायचे तर दारात पायी जाऊनच मागावे लागते. मोटारीतून आलेल्या पाहुण्याला हे बोलणे शोभले नसते. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे २०० गावे झाली आणि १२,२०१ एकर जमीन मिळाली.

पुढची गोष्ट इतकी सरळ नाही. चळवळ देशभर गेली, लाखो एकर जाहीर झाले. पण त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादातली होती, काही वाटलीच गेली नाही. सभेत दिलेला शब्द आणि पहाणीत चढलेले नाव यांच्यात किती अंतर असते हे सरकारी नोकरीत रोज दिसते. शब्द देणारा जातो, वारस वेगळे बोलतात, सर्व्हे नंबरची हद्द सापडत नाही. आंध्र प्रदेशात भूदान आणि ग्रामदानाचा कायदा १९६५ मध्ये झाला, म्हणजे पोचमपल्लीनंतर चौदा वर्षांनी. काही भाष्यकार त्यामुळे सारी चळवळच फसली म्हणतात. मला ते पटत नाही. तुटले ते चालणाऱ्याच्या मागून यायला हवे होते ते कागदाचे काम.

गावाचे नाव आता भूदान पोचमपल्ली आहे. आपल्या घरच्या बायका तिथे इकत साड्या घ्यायला जातातच. विनोबा उतरले होते ती जागा, विनोबा मंदिर, तिथेच आहे. साड्यांच्या दुकानांतून बाहेर पडल्यावर तिकडे फेरी मारायला वेळ लागत नाही.