अंगणातील तळ्यात बेडकांचे बिऱ्हाड

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे, खानदेशाला लागून असलेले शहर. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारांतून शहरात आणणारी कुंडी भंडारा ही मोगलकालीन योजना तेथे १६१५च्या सुमारास उभी राहिली. तेथील पाऊस गोव्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. त्यामुळे परसातले सिमेंटचे लहानसे तळेही पहिल्या सरींनंतर बेडकांना मोलाचे ठरते.

विणीच्या दिवसांत बुलफ्रॉग जातीचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून डरकतो. शेजाऱ्यांची तक्रार येते ती याच दिवसांत! भेकाची अंडी लांब, बुळबुळीत दोऱ्यांत ओवलेली असतात, तर झाडबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. अंड्यांतून निघालेल्या बेडूकमाशाला, म्हणजेच भैकेराला, पाय फुटून जमिनीवर येण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तेवढा काळ पाणी टिकले नाही, तर सारी वीण वाया जाते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तळे उपसून घासू नये. पावसाने ओढ दिल्यास भर घालावी. मात्र नळाचे क्लोरीनयुक्त पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवून मगच ओतावे.

डासांच्या भीतीने तळ्यात गप्पी मासे सोडले जातात आणि तेथेच घात होतो. हे मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी व नुकते जन्मलेले बेडूकमासेही खातात. बुलफ्रॉगचे बेडूकमासे स्वतःच डासांच्या अळ्या फस्त करतात. ते इतर बेडूकमाशांनाही सोडत नाहीत, पण त्यात आपण पडू नये. डेंग्यूचा डास मात्र कूलर, टायर आणि कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. बेडूक पाळल्याने तो आटोक्यात येईल असे मानू नये. ती भांडी दर आठवड्याला कोरडी करावीच लागतात.

पुढचे पाय फुटल्यावर पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते आणि उभ्या, गुळगुळीत भिंतीच्या तळ्यात बुडून मरते. काठाशी तिरका दगड किंवा विटांची उतरण ठेवणे एवढाच त्यावर उपाय. बेडकांमागोमाग दिवड येऊ शकते. ती बिनविषारी असते.

गोव्यात पहिल्या पावसात बुलफ्रॉग मांसासाठी पकडले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे, मग बेडूक शेतातला असो वा स्वतःच्या अंगणातला.