आधी कोण, मग कोण?

संगणकाचं बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत बरीच लगबग चालते. डिस्क जोडायची, नेटवर्क जागं करायचं, मग टपालसेवा. यात आधी कोण आणि मग कोण, हे ठरवायचं कशावरून? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण आहे तो जुन्या तत्त्वज्ञानातला.

१९८३ साली आलेल्या युनिक्स सिस्टीम फाइव्हच्या पद्धतीत सोपा तोडगा होता. प्रत्येक स्क्रिप्टच्या नावातच क्रमांक घालायचा. नेटवर्कला १०, टपालाला ८०, आणि त्या क्रमाने एकेक सुरू करायचं. ही पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली. पण ८० हा आकडा सांगतो काय? टपाल नंतर, एवढंच. का नंतर, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात. तो माणूस गेला की आकडा उरतो आणि त्याला हात लावायला कुणी धजत नाही.

२००० साली नेटबीएसडीने आकड्यांविना वाट काढली. प्रत्येक स्क्रिप्टने माथ्यावर लिहायचं: मी काय पुरवते, मला काय लागतं. क्रम यंत्र काढील. त्यामागचं गणित जुनंच. आर्थर कान यांनी १९६२मध्येच रीत मांडली होती. ज्याला कुणाचीच वाट पाहायची नाही त्याला आधी घ्या, त्याच्यासाठी खोळंबलेल्यांना त्याच्यापुरतं मोकळं करा, पुन्हा तेच करा. शेवटी काही उरलं, पण घेण्याजोगं कुणीच नाही, तर समजा चक्र आहे. आपले नैयायिक दोघांच्या अशा गुंत्याला अन्योन्याश्रय म्हणत, अधिकांच्या गुंत्याला चक्रक. तर्क तिथे अडतो, तसं यंत्रही अडतं.

२०१०मध्ये आलेल्या सिस्टीमडीने आणखी एक बारकावा आणला. त्यात 'लागतं' आणि 'नंतर' या दोन वेगळ्या सूचना आहेत. अमुक सेवा लागते एवढंच लिहिलंत, तर दोन्ही एकदमच सुरू होतात! नवखे हमखास इथे चकतात. ॲरिस्टॉटलने 'कॅटेगरीज'मध्ये हाच भेद केला आहे. काळाने आधी असणं वेगळं, आणि एक जसा दोनाच्या आधी, तसं असणं वेगळं. दोन असतील तर एक असतोच. पण एक आहे म्हणून दोन असतीलच असं नाही.

आता सांगा, आपल्या घरांत, संस्थांत अशा ८० क्रमांकाच्या किती रीती असतील? क्रम पाळतो, कारण हरवलेलं. त्या मोडाच, असं मी म्हणत नाही. कारण सापडलं तर रीत टिकेलही. पण ते शोधून माथ्यावर लिहून ठेवा. म्हणजे पुढच्या माणसाला नुसतं पाळावं लागणार नाही, विचारही करता येईल.