रोझमेरी, तुळस आणि नावाचा घोळ

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत गॅलरीतल्या कुंडीतली तुळस कार्तिकात नवरी होते, खोकल्याला काढ्यात पडते, आणि तिचंच पान मरणाऱ्याच्या तोंडात ठेवतात. युरोपात रोझमेरीचंही तसंच: लग्नात, अंत्ययात्रेत, स्वयंपाकात तीच. दोन्ही एकाच, पुदिन्याच्या कुळातल्या.

१९५८ साली रोझमेरीतून एक आम्ल वेगळं केलं. नाव पडलं रोझमॅरिनिक ॲसिड. ते तुळशीतही असतं! म्हणजे नावावरून ते आधी कुठे सापडलं एवढंच कळतं. आजीची रीत हा पुरावा नव्हे, पण संशोधनाचा प्रश्न नक्कीच. पेपर शोधताना मात्र जपा: २०१७ साली रोझमेरी साल्व्हिया प्रजातीत गेली. जुनं ‘रोझमॅरिनस’ आणि नवं, दोन्ही नावं टाकून बघा.