प्रेमकथेतला समेट

वडीगोद्रीच्या वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने प्रेमकथेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या तोंडून मजुरी, उचल, वाहतुकीचे दर आणि अपघाताची भरपाई हेच विषय ऐकण्याची या गावाला सवय आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळीनंतर आणि कित्येकदा मोर्च्यातून परत येताना एस.टी.त. तेव्हा रसिकाच्या किंवा समीक्षकाच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. परंतु समेट घडविणे हा आमचा तीस वर्षांचा धंदा आहे, आणि आज जी कथा सांगावयाची आहे तिचा शेवट समेटानेच होतो. या कथेशी आमचे नाते पुस्तकाचे आहे, तसेच एका चुकीचेही आहे. ती चूक आम्ही शेवटी सांगू. आधी इतिहास.

रोमिओ आणि ज्युलिएटची कथा शेक्सपिअरने स्वतः रचलेली नाही. १५३० च्या सुमारास लुईजी दा पोर्तो या इटालियन लेखकाने ती गद्यात लिहिली. १५६२ साली आर्थर ब्रुक याने तिच्यावर इंग्रजीत दीर्घ काव्य केले. ब्रुकच्या प्रस्तावनेत दोष सरळ त्या दोघांवर आहे: आईबापांचे ऐकले नाही, वासनेच्या आहारी गेले, म्हणून हे फळ मिळाले. त्यानंतर साधारण तीस-पस्तीस वर्षांनी शेक्सपिअरने नाटक लिहिले आणि दोषाचा पत्ताच बदलला. त्याच्या नाटकात दोन खानदानी घराण्यांचे जुने वैर मुलांना खाते. ते वैर कशावरून पडले, हे नाटकात कोणी सांगतही नाही. कथा तीच, मृत्यू तेच, पण आरोपी दुसरा. पुढच्या चारशे वर्षांतल्या रूपांतरांकडे याच दृष्टीने पाहावे, असे आमचे म्हणणे आहे. शेवटी कोण मेले आणि कोण उरले एवढ्याने भागत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे केले आणि समेटाचे काय झाले, ते पाहावे लागते.

मूळ नाटकात समेट आहे, पण तो मुले मेल्यावर. दोघांच्या प्रेतांजवळ दोन बाप एकमेकांचा हात धरतात, आणि एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. लग्नाला जागा नव्हती. पुतळ्याला मात्र जागा आहे आणि सोनेही आहे. हे आम्ही प्रथम मराठी भाषांतरात वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

हा शेवट लोकांना सोसवत नव्हता, हे उघड आहे. सतराव्या शतकात लंडनच्या रंगभूमीवर जेम्स हॉवर्ड याने दोघांना जिवंत ठेवणारे रूपांतर केले होते, आणि एक दिवस मूळ शोकांतिका तर दुसऱ्या दिवशी हे सुखान्त नाटक असे प्रयोग होत असत, अशी नोंद त्या काळच्या एका नाट्यव्यवसायिकाने ठेवली आहे. पुढे टॉमस ऑटवे आणि नंतर १७४८ साली डेव्हिड गॅरिक यांनी दुसरी युक्ती केली. मुळात रोमिओ मेल्यावर ज्युलिएट जागी होते. यांनी तिला थोडी आधी जागे केले, म्हणजे विष घेतलेला रोमिओ आणि ती शेवटचे चार शब्द बोलू शकतील. रडणे वाढले, तिकिटेही खपली. हीच क्लृप्ती बाझ लर्मन या दिग्दर्शकाने १९९६ च्या चित्रपटात पुन्हा वापरली. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे कमी जणांचे लक्ष जाते. त्याने बापांचा हस्तांदोलनाचा प्रसंग आणि सोन्याचे पुतळे काढून टाकले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या समेटावर त्याचा विश्वास उरला नसावा.

याच्या आधी, १९५७ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणि १९६१ साली पडद्यावर ‘वेस्ट साइड स्टोरी’ आली. तिच्यात घराण्यांच्या जागी गरीब वस्तीतल्या पोरांच्या दोन टोळ्या आहेत, एक गोऱ्यांची आणि एक पोर्तो रिकोहून आलेल्यांची. तिच्यात नायक मरतो आणि नायिका मारिया जगते. जगते ती गप्प राहण्यासाठी नव्हे. ती पिस्तूल हातात घेऊन दोन्ही टोळ्यांना विचारते आणि सांगते की, तुम्ही सर्वांनी त्याला मारले. त्यानंतर दोन्ही बाजूंची पोरे मिळून ते प्रेत उचलतात. शेवट बदलला, परंतु आरोप शाबूत राहिला. म्हणून तो बदल आम्हांला प्रामाणिक वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या हिंदी चित्रपटाने या कथेला कितीतरी वेळा हात घातला. राज कपूरच्या ‘बॉबी’त (१९७३) श्रीमंताचा मुलगा आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी अखेरीस पाण्यात उडी घेतात, आणि त्यांचे बापच त्यांना वाचवितात. समेट वेळेवर झाला. आठ वर्षांनी के. बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिये’त (१९८१) गोव्याच्याच किनाऱ्यावर तमिळ मुलगा आणि उत्तर हिंदुस्थानी मुलगी उडी घेतात, आणि त्यांना वाचविणारे कोणी नाही. येथे तर दोन्ही घरांनी रीतसर करार केला होता: एक वर्ष भेटावयाचे नाही, पत्र लिहावयाचे नाही, त्यानंतरही प्रेम टिकले तर लग्न लावून देऊ. आम्ही आयुष्यभर करार केले आहेत, म्हणून सांगतो, एका बाजूकडून सर्व काही घेणारा आणि दुसऱ्या बाजूला फक्त वाट पाहावयास लावणारा करार हा करार नव्हे, ती मुदतवाढ असते. मन्सूर खान यांच्या ‘कयामत से कयामत तक’मध्ये (१९८८) दोन्ही घरची माणसे धावत येतात, पण उशिरा. या तिन्ही चित्रपटांत प्रांत आहे, धर्म आहे, संपत्ती आहे, खानदानी वैर आहे. एक गोष्ट मात्र तेथे ठळकपणे नाही. जात.

ती आली २९ एप्रिल २०१६ रोजी, मराठीत. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आपणा सर्वांनी पाहिला आहे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. करमाळ्याकडच्या मातीतली आर्ची पाटलाची, परश्या मासेमारी करणाऱ्या घरचा. लोक त्याची गाणी आठवतात आणि शेवट आठवतात. आम्हांला मधला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. शेक्सपिअरच्या प्रेमिकांना पोटाचा प्रश्न पडत नाही. लग्नापासून मरणापर्यंत चार दिवससुद्धा नाहीत. ‘सैराट’मधली दोघे हैदराबादला जातात आणि कामाला लागतात. तो डोशाच्या गाडीवर, ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात. ज्या मुलीने बुलेट आणि ट्रॅक्टर चालविला, ती पाळीला जाते, भाषा शिकते, पैसे साठविते. भांडणे होतात, संशय येतो, ती निघून जाते, परत येते. लेकरू होते. प्रेमकथेला मजुरीचा हिशेब जोडणारा इतका लोकप्रिय चित्रपट आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग समेट येतो. माहेरची माणसे आईने पाठविलेल्या भेटी घेऊन दारात उभी राहतात. आर्ची चहा ठेवते. येथे मंजुळे यांनी चारशे वर्षांची कथा उलटी केली आहे. शेक्सपिअरच्या नाटकात आधी मरण आणि मग समेट. येथे समेट हाच खुन्याचा वेष आहे. राजा नाही, हस्तांदोलन नाही, पुतळे नाहीत. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते आणि रक्तात पाय भरवून चालत जाते.

या चित्रपटाची कन्नड, पंजाबी, बंगाली रूपांतरे झाली; सर्वांत गाजलेले हिंदी रूपांतर म्हणजे जुलै २०१८ चा ‘धडक’. कथा उदयपूरला गेली, पळून जाण्याचे ठिकाण कोलकाता झाले. जातीचा उल्लेख ओझरता राहिला आणि तिच्या जागी हवेली, निवडणूक, प्रतिष्ठा आली. शेवटी नवरा आणि लेकरू मारले जातात, नायिका जिवंत राहते. यावर आम्हांला घाईने निकाल द्यावयाचा नाही. मारिया जगते तर हिने का जगू नये? उलट, जिवंत राहिलेली बाई ही साक्षीदार असते. परंतु मारियाला बोलण्याची जागा दिली होती. हिला फक्त किंकाळी दिली आहे. ज्या कारणासाठी खून झाला ते कारण चित्रपटाने आधीच पुसट केल्यामुळे तिने कोणाकडे बोट दाखवावे, हे तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. शेवट बदलणे हा गुन्हा नव्हे. आरोपपत्रातून आरोपीचे नाव गाळणे, हा मात्र आहे.

आता आमची चूक.

‘सैराट’ येण्याच्या चार हंगाम आधीची गोष्ट. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हा हिशेब आपणांस ठाऊक आहे. मुकादमाला जोड्या हव्या असतात. लग्नाचा दाखला तो मागत नाही. त्यामुळे घरून निघालेल्या पोरापोरींना उसाच्या फडात जागा मिळते. असे एक जोडपे एका टोळीत होते. दोघांची जात एक नव्हती, हे सगळ्या कोप्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. एके दिवशी मुलीचा चुलता आणि भाऊ आम्हांला शोधीत आले. सोबत साडी होती, लाडूंचा डबा होता. “झालं गेलं गंगेला मिळालं, दादा. तिची आई अंथरुणाला खिळलीय. चार दिवस नेतो अन् आणून सोडतो.” आम्ही समेट घडविणारी माणसे, आम्हांला आनंद झाला. आम्ही त्यांना कोपीपर्यंत घेऊन गेलो. पोरगी आमच्याकडे पाहत म्हणाली, “भाऊ, तुम्ही म्हणताय म्हणून जाते.” मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून ती गेली.

ती परत आली नाही. आम्ही तिच्या गावी गेलो तेव्हा तिचे लग्न दुसरीकडे लावून दिल्याचे सांगण्यात आले. कोठे, ते सांगितले नाही. पोराने पुढचे तीन महिने अर्धा कोयता म्हणून ऊस तोडला. उचल मात्र पुऱ्या कोयत्याची होती, ती त्याच्या एकट्याच्या अंगावर फिटली. जाताना त्याने आम्हांला नमस्कार केला, त्याचेच आम्हांला फार लागले.

चार वर्षांनी जालन्याच्या चित्रपटगृहात आर्चीच्या दारात भेटवस्तू घेऊन माणसे उभी राहिली, तेव्हा शेजारचे लोक सुखावले होते. आमचे हात गार पडले होते.

कारखान्याशी बोलणी करताना आम्ही तोंडी शब्दावर कधी उठलो नाही. कागद, सह्या, साक्षीदार आणि शब्द मोडला तर काय करू, याची ताकद, एवढे असल्याशिवाय समेट म्हणजे दुबळ्याने मान पुढे करणे, हे आम्हीच मजुरांना शिकविले. त्या पोरीच्या बाबतीत मात्र लाडूंचा डबा पाहून आम्ही सारे विसरलो. कारण तेथे दुसऱ्या बाजूला मालक नव्हता, ‘घरची माणसे’ होती.

१९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या एका मंडळासाठी जातिभेद निर्मूलनावर भाषण तयार केले. मंडळाने ते होऊ दिले नाही, म्हणून ते पुस्तकरूपाने छापावे लागले. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह होय, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अशा लग्नांना वाट दिली, पण त्याबरोबर तीस दिवसांची नोटीसही ठेवली, म्हणजे शोधणाऱ्यांना पत्ता मिळण्याची सोय झाली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करावा, असे आदेश दिले. ‘धडक’ त्याच वर्षी लागला. कायदा एक पाऊल पुढे आला आणि पडदा एक पाऊल मागे गेला.

आमच्या संघटनेने तेव्हापासून एक नियम केला आहे. फडातल्या जोडप्याकडे माहेरचे कोणी आले, तर भेट कोपीत होत नाही. चार मजूर बायकांच्या देखत होते, आणि मुलीला एकटीला आधी विचारले जाते. समेट करावयाचा तर तो तिच्या गावी नव्हे, तिच्या जागी. हा नियम लहान आहे. पण महामार्गावरून उसाच्या गाड्या जाताना मोळ्यांवर बसलेले एखादे कोवळे जोडपे दिसते, तेव्हा आम्हांला वाटते, त्यांच्या कथेचा शेवट अजून कोणी लिहिलेला नाही. तो लिहिताना आपण या गावचे लोक कोणत्या बाजूला बसलो होतो, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.