तिक्कुन ओलाम

तिक्कुन ओलाम : जग अपुऱ्या अवस्थेत माणसाच्या हाती आलेले असून ते सावरण्याची आणि पूर्णत्वास नेण्याची जबाबदारी सर्व माणसांनी मिळून उचलायची आहे, अशा अर्थाने आज रूढ असलेली ज्यू धर्मपरंपरेतील संकल्पना. मूळ हिब्रू पदाचा ढोबळ अर्थ ‘जगाची दुरुस्ती’ असा आहे. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या धर्मनियमसंहितेत ते कायद्याच्या परिभाषेत येते. पुढे प्रार्थना, सोळाव्या शतकातील गूढवाद आणि विसाव्या शतकातील समाजकारण या क्षेत्रांत त्याचा आशय बदलत गेला. अध्यात्म आणि लौकिक कर्तव्य यांची सांगड ज्यू विचारात कशी घातली गेली, हे समजून घेण्यासाठी या स्थित्यंतरांचा इतिहास उपयोगी पडतो.

पार्श्वभूमी : माणूस हा सृष्टिकार्यातील भागीदार आहे, ही कल्पना तालमूद या ग्रंथात स्पष्टपणे आढळते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतिदिन) सुरू होताना सृष्टी पूर्ण झाल्याचा उत्पत्ती ग्रंथातील उतारा जो म्हणतो, तो ईश्वराचा सृष्टिकार्यातील भागीदार ठरतो, असे त्यात म्हटले आहे. खरा न्याय करणाऱ्या न्यायाधीशालाही तोच मान दिला आहे. म्हणजे भक्ताचे भान आणि न्यायाधीशाचे काम यांना येथे एकाच पातळीवर ठेवले आहे.

तान्हुमा या मिद्राश ग्रंथातील एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. यहूदियाचा रोमन सुभेदार तिनियस रूफस याने रब्बी अकिवा यांना विचारले, की ईश्वराची कृती अधिक चांगली की माणसाची? अकिवांनी माणसाची, असे उत्तर दिले आणि त्याच्यापुढे गव्हाच्या लोंब्या व भाजलेल्या पोळ्या आणून ठेवल्या. लोंबी ईश्वराची, पोळी माणसाची. खाण्याजोगे काय ते सुभेदारानेच ठरवावे, असा त्यांचा रोख होता. कथेतला मूळ वाद सुंता करण्याच्या विधीवरून आहे. निसर्गाने दिलेले जसेच्या तसे ठेवावे की माणसाने त्यावर संस्कार करावा, हा त्यातला प्रश्न असून ज्यू परंपरेने दुसरी बाजू घेतली आहे.

विधिनियमातील रूप : मिश्नाच्या ‘गित्तीन’ या सोडचिठ्ठीविषयक प्रकरणाच्या चौथ्या अध्यायात ‘तिक्कुन ओलामसाठी’ हे कारण देऊन अनेक नियम सांगितले आहेत. नियम शब्दशः पाळला तर कोणीतरी विनाकारण अडकून पडते, अशा जागा हेरून तेथे केलेला बदल, असे त्यांचे स्वरूप आहे. सोडचिठ्ठी पत्नीच्या हाती पडण्यापूर्वी ती रद्द करण्याचा पतीला अधिकार होता. दुसऱ्या गावी न्यायमंडळ बसवून त्याने ती परस्पर रद्द केली, तर पत्नीला त्याचा पत्ताही लागत नसे; ती पुनर्विवाह करून बसे आणि तिच्या मुलांवर अनौरसपणाचा कलंक येई. ज्येष्ठ रब्बान गामलिएल यांनी अशा परस्पर रद्द करण्यावर बंदी घातली.

अर्धवट मुक्त झालेल्या गुलामाचे उदाहरण आणखी बोलके आहे. दोन मालकांच्या सामाईक गुलामाला एकाने मुक्त केले, तर तो निम्मा गुलाम व निम्मा स्वतंत्र राही. आचार्य हिल्लेल यांच्या पंथाचे मत असे, की त्याने एक दिवस मालकाचे व एक दिवस स्वतःचे काम करावे. त्यावर आचार्य शम्माई यांच्या पंथाने आक्षेप घेतला, की यात मालकाची सोय झाली, गुलामाची नाही. तो गुलाम स्त्रीशी लग्न करू शकत नाही आणि स्वतंत्र स्त्रीशीही नाही. जग तर वसण्यासाठी निर्माण झाले आहे. म्हणून उरलेल्या मालकाला त्याची मुक्तता करणे भाग पाडावे आणि गुलामाने आपल्या निम्म्या किमतीचा कर्जरोखा त्याला लिहून द्यावा, असा तोडगा निघाला. हिल्लेलच्या पंथाने आपले मत सोडून हा तोडगा मान्य केल्याची नोंद मिश्नातच आहे.

याच वर्गातील सर्वांत प्रसिद्ध तरतूद म्हणजे हिल्लेल यांनी सुरू केलेला ‘प्रोझबूल’ हा दस्तऐवज. धर्मशास्त्रानुसार दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि कर्जे माफ करायची असत. माफी जवळ आली, की धनको हात आखडता घेत आणि ज्या गरिबांसाठी माफी होती त्यांनाच कर्ज मिळेनासे होई. प्रोझबूलद्वारे धनको आपली येणी न्यायमंडळाकडे सुपूर्द करी; अशा येण्यांना माफी लागू होत नसे. दस्तऐवजावर न्यायाधीश किंवा साक्षीदार सह्या करीत. ऋणकोच्या नावे थोडी तरी जमीन असणे आवश्यक होते. ती नसेल तर धनकोने आपल्या जमिनीतला अगदी लहानसा तुकडा त्याला द्यावा, अशीही सोय होती.

या नियमांत समाजाचे हित व्यक्तीच्या तातडीच्या गरजेहून वरचढ ठरू शकते. ओलिसांना त्यांच्या किमतीपेक्षा जास्त खंडणी देऊन सोडवू नये, हा नियमही याच अध्यायात आहे. अपहरणाला उत्तेजन मिळू नये, हा त्याचा हेतू. जर्मनीतील विख्यात रब्बी मेइर ऑफ रोथेनबुर्ग १२९३ मध्ये कैदेतच मरण पावले. समाज भरमसाट खंडणी देण्यास तयार असताना त्यांनीच या नियमाच्या आधारे नकार दिला, असे परंपरा सांगते.

प्रार्थनेतील रूप : ‘आलेनु’ ही प्रार्थना मुळात नववर्षदिनाच्या उपासनेतील असून मध्ययुगात ती दैनंदिन उपासनेच्या अखेरीस म्हटली जाऊ लागली. तिच्या उत्तरार्धात ईश्वरी राज्याच्या छत्राखाली जग सुधारले जावे, अशी आशा व्यक्त झाली आहे. येथे कर्ता ईश्वर आहे. भक्त त्या दिवसाची वाट पाहतो. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीझ यांनी आपल्या ‘मिश्ने तोरा’ या संहितेत जगाच्या दुरुस्तीचे काम मसीहाकडे, म्हणजे अपेक्षित उद्धारक राजाकडे सोपविले आहे.

गूढवादातील रूप : संकल्पनेला विश्वव्यापी अर्थ दिला तो आयझॅक लुरिया (१५३४-१५७२) यांच्या काब्बाला या ज्यू गूढवादी परंपरेतील दर्शनाने. जेरुसलेममध्ये जन्मलेले आणि इजिप्तमध्ये वाढलेले लुरिया १५७० च्या सुमारास गॅलिलीतील सफाद या डोंगरी गावी आले. ते गाव त्या वेळी ऑटोमन सत्तेखाली होते. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांपैकी अनेक तेथे स्थायिक झाली होती. विधिनियमांचा अधिकारी संग्राहक योसेफ कारो आणि गूढवादी मोझेस कोर्दोव्हेरो हेही तेथलेच. लुरियांनी स्वतः फारसे लिहिले नाही; साथीच्या रोगात अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची शिकवण मुख्यतः शिष्य हाइम व्हिटाल यांच्या लेखनातून उरली.

या दर्शनानुसार सृष्टीचे तीन टप्पे आहेत. अनंत ईश्वराने जगाला जागा करून देण्यासाठी प्रथम स्वतःचा संकोच केला. मग त्या पोकळीत दिव्य प्रकाश ओतला गेला. तो धारण करण्यासाठी दहा पात्रे होती. त्यांपैकी वरची तीन टिकली, खालची सात तो प्रकाश न पेलल्यामुळे फुटली. प्रकाशाच्या ठिणग्या पात्रांच्या तुकड्यांसह खाली पडल्या आणि जड कवचांत अडकल्या. त्या सोडवून मूळ स्थानी नेणे हे तिसऱ्या टप्प्याचे, तिक्कुनचे, काम. त्याची सुरुवात ईश्वराने केली; ते तडीस नेणे मात्र माणसावर सोपविले आहे.

ही सुटका घडते ती रोजच्या आचारातून. जेवणापूर्वीची आशीर्वादप्रार्थना एकाग्र हेतूने म्हटली, तर अन्नात अडकलेली ठिणगी वर जाते. विधी बेफिकिरीने केला तर ती तशीच राहते. म्हणून लुरियांच्या पंथात ‘कव्वाना’ म्हणजे हेतूची जागरूकता यास कमालीचे महत्त्व आहे. मध्यरात्री उठून विलाप व प्रार्थना करण्याचा विधी, तसेच शुक्रवारी सायंकाळी शेतात जाऊन शब्बाथचे स्वागत करण्याची प्रथा यांना सफादमध्येच बळ मिळाले. एका माणसाच्या आचाराचा परिणाम साऱ्या विश्वरचनेवर होतो आणि काम सर्वांच्या वाट्याला विभागून आले आहे, हा या दर्शनाचा गाभा होय.

ज्यू गूढवादाचे अभ्यासक गर्शोम शोलेम यांनी या मिथकाचा संबंध स्पेनमधील हकालपट्टीच्या आघाताशी जोडला : परागंदा समाजाने ईश्वरी प्रकाशच परागंदा झाल्याचे कल्पिले. त्याच क्षेत्रातील अभ्यासक मोशे इदेल यांनी या उपपत्तीला आव्हान दिले असून लुरियांच्या परंपरेत अशा ऐतिहासिक प्रतिक्रियेचा पुरावा क्षीण आहे, असे दाखविले आहे.

प्रसार व विपर्यास : सतराव्या शतकात या दर्शनाचा स्फोटक परिणाम दिसला. स्मर्ना येथील सब्बताय त्झेवी यांस १६६५ मध्ये मसीहा घोषित करण्यात आले. पुढच्याच वर्षी सुलतानाच्या दडपणाखाली त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांचे भाष्यकार गाझाचे नाथान यांनी याचेही समर्थन केले : शेवटच्या ठिणग्या सोडविण्यासाठी मसीहाला अंधारात उतरावेच लागते. दुरुस्तीच्या नावाखाली धर्मत्यागही पवित्र ठरविता येतो, हा धडा ज्यू समाजाला महागात पडला. अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव (मृत्यू १७६०) यांच्यापासून सुरू झालेल्या हसिदी पंथाने ठिणग्यांची कल्पना ठेवली. पण तिचा भर मसीहाच्या आगमनाऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला आलेले अन्न, अवजारे आणि भेटणारी माणसे यांवर दिला.

आधुनिक रूप : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील उदारमतवादी ज्यूंमध्ये हे पद समाजसेवा, नागरी हक्क आणि पर्यावरणरक्षण यांचे बोधवाक्य बनले. कॅलिफोर्नियात युवा शिबिरे चालविणारे श्लोमो बार्डिन यांनी ते १९५० च्या दशकात प्रचारात आणले. १९६५ मध्ये सेल्मा येथील नागरी हक्कांच्या मोर्च्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चाललेले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल हे या प्रवृत्तीचे प्रतीक मानले जातात. तत्त्वज्ञ एमिल फाकेनहाइम यांनी १९८२ मधील ग्रंथात ज्यूंच्या वंशसंहारानंतर जगाची दुरुस्ती शक्य तरी आहे काय, असा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगाने हाताळला. १९८६ मध्ये मायकेल लर्नर यांनी ‘तिक्कुन’ हे नियतकालिक सुरू केले. वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडू नयेत, या बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील आज्ञेचा आधार घेऊन पर्यावरणवादी गटांनीही संकल्पनेचा विस्तार केला.

महाराष्ट्रातील संदर्भ : कोकणात रुजलेला मराठीभाषक बेने इस्राएल समाज सेफार्दी पद्धतीची उपासना करतो. मुंबईत १७९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘शाआर हारहमीम’ या सिनेगॉगपासून अलिबाग, ठाण्यापर्यंत आलेनु म्हटली जाते. सफादमध्ये श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेले शब्बाथच्या स्वागताचे गीतही येथे शुक्रवारी गायले जाते. अशा रीतीने संकल्पनेचे प्रार्थनारूप आणि सफादच्या गूढवादाचा वारसा मराठी ज्यूंच्या उपासनेत नांदत आहे.

मूल्यमापन : आधुनिक वापरावर दोन बाजूंनी टीका होते. सनातनी अभ्यासकांच्या मते ठिणग्यांची सुटका धर्माज्ञांच्या पालनातून होते, राजकीय कार्यक्रमांतून नाही. लुरियांना समाजसुधारणा अभिप्रेतच नव्हती. जोनाथन न्यूमन यांनी २०१८ मधील पुस्तकात उदारमतवादी राजकारणाला धर्माची झूल चढविल्याचा आरोप केला आहे. ऐतिहासिक दृष्ट्या पहिला आक्षेप बरोबर आहे. मात्र मिश्नातील रूप पाहता सामाजिक अर्थ हा उपरा आहे, असे म्हणता येत नाही. उलट तोच सर्वांत जुना आहे. त्यात अडलेला माणूस कोण, तो कोणत्या नियमामुळे अडला आणि तो नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे तिन्ही मुद्दे सांगितलेले असतात. आजच्या घोषणांत ते बहुधा गाळले जातात. ते भरून काढले, तर ही संकल्पना कामाची ठरते. एरवी ती सदिच्छेपलीकडे जात नाही.