दोन घटकांची मौज आणि दूरचे ग्रह

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आपण बहुधा शास्त्रज्ञांपासून आरंभ करतो. पण परग्रहांवरच्या कथेला लागणारा वाचक आधी तयार केला तो हौसेने आकाश पाहणाऱ्या माणसांनी. त्यांची आठवण क्वचितच निघते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. १८९२ साली त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला जोडनाव दिले ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. जेवणखाण आटोपल्यावर कोणत्याही गृहस्थाला अंगणात सहज काढता येतील इतकीच. मुहूर्त आणि पत्रिका यांपुरते ज्याचे आकाशाशी नाते होते, त्याला दीक्षितांनी ‘मौज’ या एका शब्दाने बाहेर बोलावले. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत क्रमशः आली. मराठी मुलखापासून इतक्या दूर जन्मलेल्या मासिकाने चंद्राची वाट दाखवावी, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

युरोप-अमेरिकेतही असेच घडले होते. १८७७ साली स्कियापरेली यांना मंगळावर रेषा दिसल्या. पर्सिव्हल लॉवेल या धनिक हौशी माणसाने १८९४ साली स्वतःची वेधशाळा उभारली आणि त्या रेषा म्हणजे मंगळवासीयांनी खोदलेले कालवे, असे जगाला सांगितले. कालवे खोटे ठरले; पण त्या मंगळवेडाच्या काळातच एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने आली. शास्त्राने जे टाकून दिले, ते साहित्याने जपून ठेवले.

आपल्याकडे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी निरीक्षकांना हक्काचे ठिकाण मिळाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर. नावाच्या दबदब्याने परीक्षकांचा कौल झुकू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली होती. विशेष म्हणजे, या जगद्विख्यात शास्त्रज्ञाने ‘धूमकेतू’ कथेचा नायक केला तो दत्तदा नावाच्या कलकत्त्याच्या हौशी निरीक्षकाला. रात्र रात्र दुर्बिणीपाशी बसणारा, त्यापायी बायकोची बोलणी खाणारा हा माणूस नवा धूमकेतू शोधतो आणि पृथ्वीवरचे संकट सर्वांआधी त्याच्या दृष्टीस पडते. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २०२५ साली ते गेले. दत्तदा मात्र शाळकरी मुलांच्या वाचनात आहेत.

आता आपल्या जोयडा तालुक्याकडे पाहू. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. घरात कोकणी-मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड. कन्नडमध्ये कोणत्याही ताऱ्याला ‘नक्षत्र’ म्हणतात, मराठीत नक्षत्र म्हणजे तारकांचा समूह. कृत्तिका, रोहिणी ही नावे मात्र दोन्हीकडे तीच. दाट जंगल आणि विरळ वस्ती यांमुळे शहरांनी गमावलेला अंधार इथे अजून शिल्लक आहे.

दिवाळीच्या सुमारास रात्री आठ-नऊला, अंगणातले दिवे शांत झाल्यावर, डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन पाहावा. पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या किंचित पश्चिमेस एक अगदी मंद तारा आहे. पुण्या-मुंबईच्या उजेडात तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जंगलातल्या निरभ्र रात्री तीक्ष्ण नजरेला सापडतो. १९९५ साली मायोर आणि केलो यांना याच ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. सूर्यासारख्या ताऱ्याचा, आपल्या सूर्यमालेबाहेरचा तो पहिला ज्ञात ग्रह. या शोधाबद्दल दोघांना २०१९ चे नोबेल मिळाले. तारा सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर आणि ग्रहाचे वर्ष जेमतेम सव्वाचार दिवसांचे!

सव्वाचार दिवसांचे वर्ष असलेल्या जगात दिवाळी कितव्या प्रहराला येत असेल? कथेला एवढे बीज पुरते. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना रात्रीच्या दोन घटका मात्र मोकळ्या सोडायला हव्यात.